बसक्या दगडावरून कळस

४ जानेवारी २०२६, रविवार

आज गावी जाऊन आलो आणि भांडून आलो. मन जागेवर नाही, म्हणून वही काढली.

गाव म्हणजे बोरदरी, फुलंब्रीच्या पुढं. माघ पौर्णिमेला आमच्या भैरोबाची जत्रा असते आणि त्या सकाळी डोंगराची धाव. पायथ्याच्या पायरीपासून सुटायचं, चिंचखिंडीतून वर देवळापर्यंत जायचं, देवाचा गुलाल कपाळाला लावून खाली यायचं. जुनी रीत आहे. चार वर्षांपासून शहरातला धावणाऱ्यांचा क्लबही यात उतरला, त्यामुळं आता बाहेरची माणसंही येतात. मी दोन्हीकडचा. जन्म बोरदरीचा, नोकरी वाळूजच्या एका कंपनीत फिटरची, आणि पहाटे क्लबाच्या मंडळींबरोबर शहरालगतच्या साताऱ्याच्या डोंगरावर पळायला जाणारा. म्हणून यंदा मला मार्गप्रमुख केलं आहे.

गेल्या वर्षी शिवराजचं जे झालं ते पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढंच माझं म्हणणं. गावातला सगळ्यात चपळ पोरगा. रीतीप्रमाणं उपाशी, पाण्याचा थेंब न घेता धावला. खिंडीत त्याला अंधारी आली. तिथून फिरला असता तर निभावलं असतं. पण आमच्याकडं पायरीला पाय लागला की अर्ध्यातून माघारी येत नाहीत. देवाला पाठ दाखवली तर घराला वर्षभर बरं जात नाही, असं मानतात. शिवराज रांगत वर गेला, गुलाल लावला आणि तिथंच आडवा झाला. मूत्रपिंडं बंद पडत आली होती. आता चालतो. पळत नाही.

आज सभामंडपात मी यंदाचे नियम वाचले. पाणी जवळ ठेवायचं. गळ्यात शिट्टी. पंचेचाळिशीच्या पुढच्यानं डॉक्टरची चिठ्ठी आणायची. आणि खिंडीत एक थांबा. तिथला प्रमुख ज्याला थांब म्हणेल त्यानं तिथूनच माघारी फिरायचं. शेवटच्या नियमावर काकासाहेब बोलला. देवस्थान समितीचा अध्यक्ष, माझा चुलतभाऊ, वयानं बराच मोठा.

“पुंज्या, खाली ठेव तो कागद.”

“कामून, दादा?”

“शिट्ट्या वाजवा, पाणी प्या, तुमच्या शहराचं जे आसंल ते करा. पण भैरोबाच्या वाटंवर माघारी फिर म्हणणारा माणूस उभा करणार व्हय? त्याला पगार कोण देणार, देव का सैतान?”

सगळे हसले. मी म्हणालो, “शिवराजला तसं म्हणणारा कोणी असता तर त्याची आई दवाखान्याच्या वऱ्हांड्यात झोपली नसती.”

“वाचला ना पोरगा? पाठ दाखवली नाय म्हणून वाचला.”

मी सांगितलं, हा नियम नसेल तर क्लबाची धाव नाही. तो म्हणाला, समितीची परवानगी नसेल तर डोंगर नाही. मग मी उठलो. सगळे उठले. काकासाहेब मात्र खांबाला टेकून बसूनच राहिला. पाहुण्याला उठून निरोप देण्याइतकी रीतही त्याला उरलेली नाही.

येताना छातीत जळजळ. गावातल्या जुन्या शेजारणीच्या, दगडाबाईच्या घरी शेंगदाण्याची चटणी जास्त खाल्ली.

७ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी क्रांती चौकाजवळच्या चहाच्या गाड्यावर बसलो. मी, धम्मपाल आणि श्रेया मॅडम. मॅडम क्लबाच्या सचिव. वयानं माझ्या मुलीसारख्या, पण मला ‘सर’ म्हणतात आणि मी दर वेळी मागं वळून बघतो.

त्या म्हणाल्या, “सर, आपण दुसरा डोंगर घेऊ या. डोंगरांना काय तोटा आहे?”

मी म्हणालो, “मॅडम, आपण गेलो तरी बोरदरीची पोरं त्या दिवशी पळणारच. उपाशी, बिनपाण्याची. फक्त बघायला कोणी नसेल.”

धम्मपाल माझ्याच कंपनीत, माझ्याच पाळीत. प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलेला. तो बशीतला चहा संपवून म्हणाला, “खिंडीत मला उभं करा. मला तुमचा देव काय करणार? मी त्याच्या हजेरीपटातच नाय.”

मग नियमाची भाषा नीट केली. मॅडमनी लिहिलं होतं, ‘खिंडीतील प्रमुखाचा शब्द प्रत्येक स्पर्धकासाठी अंतिम राहील.’ मी ‘स्पर्धक’ खोडायला लावलं. काकासाहेबाचे ढोलवाले, समितीचे लोक, सगळे वर जातात. त्यांना पळवाट मिळाली असती. आता असं आहे: ‘डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येक माणसासाठी.’ धम्मपाल म्हणाला, “भाऊ, चांगलं जाळं विणलंत.” मलाही समाधान वाटलं.

११ जानेवारी, रविवार

साताऱ्याच्या डोंगरावर नेहमीची धाव. चढाला खालचा जबडा डावीकडं ठणकायला लागला. थांबलो की थांबतो, चढलो की सुरू. अक्कलदाढ असणार. धम्मपाल विचारत होता, दात चढाला कसा दुखतो? म्हटलं, गार वारा लागतो. उतरताना तो माझ्या मागंच राहिला. एरवी पुढं पळून गाड्यावर चहा सांगून ठेवतो.

१३ जानेवारी, मंगळवार

भोगी. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, भोगीची भाजी, लोणी. बायकोनं, संध्यानं केलेलं नको म्हणवत नाही. जिना चढताना पुन्हा जळजळ. सोडा घेतला. सणाचं खाणं या वयात जड जातं.

काकासाहेबाचा निरोप: परवानगी नाही. मी निरोप धाडला: मग मीही तयारी थांबवत नाही.

१८ जानेवारी, रविवार

आज एकटाच डोंगरावर गेलो, वाटेच्या खुणा बघायला. वाईट वळणं तीन-चारच आहेत, तिथं फिती बांधायच्या. खिंडीशी आलो तेव्हा दम अगदीच तोंडाशी आला, म्हणून बसक्या दगडावर टेकलो. चौरंगासारखा सपाट, काळा दगड. घाम फार आला. हवा तर गार होती.

बसल्या बसल्या वर पाहिलं तर कळस. दोन सुळक्यांच्या मधल्या फटीतून नेमका देवळाचा कळस दिसतो. दोन पावलं इकडं-तिकडं झालं की नाही दिसत.

आणि मला आई आठवली. शेवटच्या काही जत्रांना ती इथवरच यायची. याच दगडावर बसायची, पदर पुढं ओढून कळसाला हात जोडायची, चिमूटभर गुलाल दगडालाच वाहून त्यातलाच कपाळाला लावायची आणि सावकाश उतरायची. गावातल्या सगळ्या थकलेल्या बाया तेच करायच्या. आवडाबाई माघारी फिरली, असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. आवडाबाईचं दर्शन झालं, असंच म्हणायचे.

मग भांडण कशाचं आहे? इथून फिरणारा पाठ दाखवतच नाही. त्याचं दर्शन झालेलं असतं. थांबा याच दगडाशी करायचा, गुलालाचं ताट इथंच ठेवायचं. देवानं दुरून घेतलेला नमस्कार बायांचाच मोजायचा आणि गड्यांचा नाही, असं कुठं आहे?

किती वेळ बसलो कळलं नाही. उतरताना हलकं वाटलं. देवानंच बसवलं तिथं.

२१ जानेवारी, बुधवार

सुट्टी टाकून फुलंब्रीला गेलो. बाजारात काकासाहेबाची जीप उभी होती. मी खिडकीशी जाऊन दगडाचं सगळं सांगितलं. तो गाडीतून उतरलासुद्धा नाही. भाऊ उन्हात उभा आणि हा आत बसून ऐकतोय. मानपान डोक्यात गेला की असं होतं.

“ते म्हाताऱ्यांचं झालं,” तो म्हणाला. “थकल्याभागल्याचं. धडधाकट माणसानं तिथून हात जोडले तर गाव काय म्हणंल?”

“म्हणंल, हात जोडले.”

त्यानं समोरच्या काचेकडं तोंड फिरवलं. मग म्हणाला, “तुझी आई पह्यल्यांदा तिथून फिरली, तवा तिला कसं वाटलं आसंल रे? इचारलं व्हतंस का कधी?”

विषय कुठला आणि हा बोलतो काय. मी म्हणालो, “दादा, परवानगीचं बोल.”

“बोलतो. घाल तुझं ताट दगडावर. पण शर्त आहे. बाहेरच्याचं मला सांगू नकू. बोरदरीचा एक माणूस, आपल्या गावचा, त्या दगडावरून राजीखुशीनं फिरला, तर तुझा नियम कायमचा. नाय फिरला, तर कागद फाडायचा, आन पुढच्या वर्षापासून डोंगर आमच्या रीतीनं.”

“मंजूर.”

“फिरणार नाय कोणी, पुंज्या.”

“बघू.”

मंजूर म्हणालो खरा. पण बोरदरीचा कोण फिरणार? पोरं मरतील पण फिरणार नाहीत, आणि तेच तर दुखणं आहे. मी कोणाला आधी सांगून फिरवणार नाही. तसलं ठरवून केलेलं देवाच्या दारी चालत नाही.

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी झेंडावंदन. दुपारी संध्याशी वाद.

“पंचेचाळिशीच्या वरच्यांना चिठ्ठी तुम्हीच ठरवली ना?”

“मी धावत नाहीये. शेवटच्या माणसाच्या मागून चालणार, फिती सोडत. तो नियम धावणाऱ्यांना.”

“चालणाऱ्याला छाती नसते का?”

“डोंगरात जन्मलोय मी, संध्या. गेल्या तीस वर्षांत एकदाही देवळात पोचलो नाही असं झालं नाही.”

“मी देवळाचं विचारलं नाही, डॉक्टरचं विचारलं.”

मी पेपर उघडला. आज सगळे दवाखाने बंद, उद्यापासून कंपनीत वार्षिक दुरुस्त्या, मग जत्रा. सोडा घेतला की थांबणाऱ्या गोष्टीसाठी डॉक्टरचं दार कशाला वाजवायचं? जत्रा झाली की दाताचं बघीन, असं तिला कबूल केलं.

ती गॅलरीत जाऊन बराच वेळ फोनवर बोलली. तिच्या बहिणीशी असणार. माझ्या तक्रारी सांगायला तेवढंच एक माणूस आहे तिला.

३१ जानेवारी, शनिवार. बोरदरी

सगळी तयारी झाली. फिती बांधल्या. दगडापाशी पाण्याच्या टाक्या पोचल्या. गुलालाचं ताट सकाळी ठेवायचं. धम्मपालनं आधीच सांगून टाकलं, “ताट तुमचं तुम्ही सांभाळा. मी शिट्टी सांभाळतो.”

पोरांना मी पारावर बसवून समजावलं. पाणी प्या म्हटलं, तर बन्सी म्हणाला, “बापू, लघवीला थांबावं लागलं तर वेळ कोण भरून देणार?” शिवराज कडेला उभा होता. तो म्हणाला, “मी भरून देतो. माझ्याकडं लई वेळ पडलाय.” मग कोणी हसलं नाही आणि सगळ्यांनी बाटल्या घेतल्या.

काकासाहेब यंदाही पायथ्यालाच थांबणार. नारळ फोडायला कोणीतरी खाली पाहिजेच, म्हणतो. दोन-तीन वर्षं हेच चाललंय. नारळ, माइक आणि हार यांची गोडी लागली की माणसाला वर जायची गरज वाटत नाही. देवाचा अध्यक्ष आणि देवाचं तोंड बघत नाही. पण मी बोललो नाही. उद्याचा दिवस चांगला जाऊ दे.

दिवा लावला. जबडा ठणकतोय.

४ फेब्रुवारी, बुधवार. शहरात, दवाखान्यात

नर्सनं उशाला उशी लावून दिली आणि थोडंच लिहायचं म्हणून बजावलं. थोडं लिहून हे संपणार नाही.

रविवारी धाव वेळेवर सुटली. मी सगळ्यांच्या मागून निघालो, फिती सोडत. चढ सुरू झाला तशी छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं झालं. डावा हात जड. सकाळी काही खाल्लं नव्हतं, तेव्हा खाण्याला दोष देता येईना. हळूहळू चाललो. खिंडीत पोचलो तेव्हा वरून परतणारे पुढचे गडी उड्या मारत खाली चालले होते. ढोलवाले चिंचेखाली बसलेले. दगडावर ताट तसंच होतं. एकाही बोटाची खूण त्यात नव्हती.

“पुंजाभाऊ, थांबा,” धम्मपाल म्हणाला.

“माझ्या मागं कोणी नाही. वर जाऊन आलोच.”

“नाय. बसा. चिठ्ठी कुठंय?”

“मी धावणारा नाही, धम्मपाल.”

“नियमात धावणारा नाय लिहिलं. डोंगरावर जाणारा प्रत्येक माणूस लिहिलंय. कोणी लिहायला लावलं?”

मला राग आला. असा राग मला सहसा येत नाही. तीस वर्षांची वाट, समोर देऊळ, आणि माझाच माणूस माझ्या छातीशी हात आडवा धरून उभा. मी म्हणालो, “तुला कोणी शिकवून ठेवलंय का?”

“मला कोणाकोणाचे फोन येतात, ते सोडा. मी इथला प्रमुख आहे. मी थांब म्हणतोय.”

ढोलवाल्यांतला एक ओरडला, “बापू, चला की. देव खोळंबलाय.” दुसरा म्हणाला, “बापूला कोण आडवतंय? बापूनंच तर माणूस ठेवलाय.” हसले. सगळे बघत होते.

मी वर जाऊ शकलो असतो, असं मला अजूनही वाटतं. डॉक्टरांना वाटत नाही. पण तेव्हा मी पायांचा विचार केला नाही. मी एवढंच पाहिलं की एक पाऊल पुढं टाकलं तर तो नियम तिथंच मेला. त्याला काकासाहेबाची गरजच उरली नाही, मीच पुरे होतो. आणि शिवराजची जागा पुढच्या वर्षी दुसरा कोणी घेणार.

मी दगडावर बसलो. बूट काढले. फटीतून कळस दिसत होता, उन्हात पिवळा. हात जोडले. वारा सुटला होता. गुलाल उडू नये म्हणून धम्मपालनं ताटावर आपली टोपी धरली होती. ती त्यानं उचलली. मी बोट बुडवून कपाळाला लावलं आणि उभा राहिलो.

ढोलवाल्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “मी पुंजाराम, आवडाबाईचा, बोरदरीचा. माझं दर्शन झालं. मी इथून माघारी चाललोय. कोणाला काही म्हणायचं असंल तर आत्ता म्हणा.”

कोणी काही म्हणालं नाही. माझ्याच गावात, माझ्याच देवाच्या वाटेवर, मी सगळ्यांदेखत खाली वळलो. भीती वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटली. उलट छाती दुखत असूनही मान ताठ होती.

थोडं उतरलो तर मागं कोणी लंगडत येतंय असं वाटलं. बन्सी. पाय मुरगळून मघापासून चिंचेमागं बुटाची नाडी बांधायचं सोंग करून बसला होता. कपाळावर दगडावरच्याच ताटातला गुलाल. “बापू, सावकाश,” म्हणाला आणि माझा हात आपल्या खांद्यावर घेतला. कोण कोणाला उतरवत होतं, सांगता येत नाही. मागून धम्मपाल, वायरलेसवर बोलत.

पायरीशी आलो आणि मग मला नीट आठवत नाही. काकासाहेबाची जीप आठवते. माझं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि तो ड्रायव्हरला शिव्या देत होता.

नळी घालून रक्तवाहिनी मोकळी केली आहे. दाताचं काही नव्हतं म्हणे. भोगीच्या भाकरीला मी उगाच बोल लावला. खिंडीच्या वर गेला असता तर खाली आणेपर्यंत वेळ उरला नसता, असं डॉक्टर संध्यासमोर म्हणाले. तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. धम्मपालला आलेल्या फोनचं कोडं मात्र सुटलेलं नाही. मी तिला विचारलं, तर म्हणाली, “असेल कोणीतरी शहाणं माणूस.”

७ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी काकासाहेब आला. लिफ्ट बंद होती, तर जिन्यानं दोन मजले चढून आला. चेहरा लाल, कपाळावर घाम, एक हात गुडघ्यावर. रागात असला की तो असाच दिसतो. शर्त हरल्याचा राग, दुसरं काय. पलंगाच्या दांड्याला धरून तो स्टुलावर सावकाश टेकला आणि मी मनातल्या मनात कंबर कसली.

“बरा हायेस?”

“बरा आहे. नियम राहिला, दादा. बोरदरीचा माणूस फिरला. एक नाही, दोन.”

“ऐकलं.”

“गाव काय म्हणतंय?”

“गावाला काय, दोन दिवस बोलंल.” त्यानं पिशवीतून कागदाची पुडी काढली. देवळातला गुलाल. “समितीनं ठराव लिहिलाय. तुझा कागद देवळात लावलाय. काच करून.”

इतक्या सहज तो मान्य करेल असं मला वाटलं नव्हतं. यात काहीतरी मेख असणार.

आणि होतीच. तो गुडघे चोळत खिडकीबाहेर बघत बसला. संध्या चहा आणायला खाली गेली. ती गेल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, “पुंजा, एक सांग. त्या दगडावरून कळस नीट दिसतो का रे? म्हंजी अगदी सगळा?”

आजारी माणसाच्या उशाशी येऊनसुद्धा याचा तपास चालू. दर्शन अपुरं आहे, कळस अर्धाच दिसतो, असं काही काढून पुन्हा मोडता घालायचा बेत दिसतो. मी उशीवरून उठून बसलो.

“सगळा दिसतो. टोकापासून घेरापर्यंत. मी पाहिलाय, माझ्या आईनं पाहिलाय.”

“आन तिथवर चढ फार हाये का?”

“नाही. सावकाश गेलं तर लहान पोरगंही जाईल.”

“आन हात जोडले, की... झालंच ना दर्शन?”

“झालं,” मी ठणकावून सांगितलं. “भैरोबाला मान्य आहे. तुला नसेल तर ये माझ्याबरोबर, त्या दगडावर बस आणि तूच बघ. मी एक पाऊल मागं घेणार नाही.”

डोळे पुसले त्यानं, घाम डोळ्यांत उतरला असावा. मग म्हणाला, “चल मग. तू बरा हो आधी.”

म्हणजे भांडण डोंगरावरच होणार. होऊ दे. मी तयार आहे.